नोंदी टाकतात सगळे, काढत कोणी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बनावट ईमेलने कुणी फसल्याची बातमी आली की तिच्या शेवटी सल्ल्याचा एक परिच्छेद असतो : अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका, पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहा. सल्ला योग्यच आहे, पण तो सगळा मेल घेणाऱ्याला. ज्या संस्थेच्या नावाने तो मेल गेला तिने आपल्या डोमेनची (ईमेल पत्त्यात ‘@’नंतर येणाऱ्या नावाची) व्यवस्था कशी ठेवायला हवी होती, याबद्दल त्यात एक ओळही नसते. संस्थेच्या नोंदी ढिल्या असतील तर बनावट मेलवरही तिचा पत्ता अक्षरन् अक्षर खरा दिसू शकतो. मग घेणाऱ्याने कितीही डोळे ताणून पाहिले तरी उपयोग काय? स्वतःच्या नावाचे डोमेन असलेली शाळा, दवाखाना, कारखाना, विश्वस्त संस्था, छोटे कार्यालय अशा सर्वांसाठी हे पत्र आहे. विषय तपशिलाचा असल्याने ते लांबले आहे.

एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत, ठेवायच्या असतात. बऱ्याच ठिकाणी त्या असतातही, पण मेलची व्यवस्था पहिल्यांदा लावली त्या दिवशीच्या. पुढे वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर जाते, न्यूजलेटरची सेवा बदलते, बिले पाठवणारे नवे सॉफ्टवेअर येते, जुन्या कंपनीचा करार संपतो. नवी सेवा घेताना ती कंपनी ‘डीएनएसमध्ये एवढी ओळ टाका’ असे सांगते, म्हणून ओळ पडते. सेवा बंद करताना ‘आता ती ओळ काढा’ असे कोणीच सांगत नाही. नोंदी साचत जातात आणि नुकसान दोन्हीकडून होते. आपले खरे मेल स्पॅममध्ये जातात, आणि ज्यांचा आपल्याशी संबंध उरलेला नाही त्यांना आपल्या नावाने मेल पाठवता येतात.

अडचणीचे मूळ जुने आहे. एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर मेल नेण्याचे एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले, तेव्हा पाठवणारा जो पत्ता सांगेल तो खरा धरला जाई. तपासणीची सोय नंतर वरून जोडली गेली, तीही तुकड्यातुकड्यांनी. आपल्या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी म्हणजे एसपीएफ. प्रत्येक मेलवर खासगी किल्लीने केलेली सही म्हणजे डीकिम. ती सही पडताळण्यासाठीची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते. या दोन्हींतून काहीच जुळले नाही तर समोरच्या सर्व्हरने त्या मेलचे काय करावे आणि अहवाल कुठे पाठवावा, ही सूचना म्हणजे डीमार्क.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते, कारण पुढचे निम्मे घोळ तिच्यातूनच होतात. टपालाच्या पत्रात पाकिटावर एक पत्ता आणि आतल्या लेटरहेडवर दुसरा असू शकतो, तसे ईमेललाही पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. पाकिटावरचा पत्ता म्हणजे रिटर्न-पाथ. मेल पोचला नाही तर तसा निरोप तिकडे जातो. लेटरहेडवरचा पत्ता म्हणजे ‘फ्रॉम’, आणि वाचणाऱ्याला दिसतो तो एवढाच. एसपीएफ पाकीट तपासते, लेटरहेडकडे बघतही नाही. डीकिम सहीतले डोमेन तपासते. यांपैकी जे पास झाले त्याचे डोमेन ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळते का, हे डीमार्क पाहते. एक जरी जुळले तरी मेल पास.

हे कोणालाही स्वतः पाहता येते. आपल्याच संस्थेचा एखादा न्यूजलेटर किंवा पावती जीमेलमध्ये उघडा, तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर तिन्ही तपासण्यांचे निकाल येतात आणि खाली हेडरमध्ये (मेलसोबतच्या तांत्रिक माहितीत) ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ सापडते. पुष्कळदा दिसते ते असे : एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क फेल. पाहणाऱ्याला वाटते, बिघाड डीमार्कच्या रेकॉर्डमध्ये आहे. शेजारचा मजकूर वाचा. ‘एसएमटीपी.मेलफ्रॉम’पुढे न्यूजलेटर पाठवणाऱ्या कंपनीचे डोमेन असते, ‘हेडर.आय’पुढेही तिचेच. कंपनीने स्वतःचे पाकीट वापरले, स्वतःची सही केली, दोन्ही खरी निघाली. पण लेटरहेड आपले आहे आणि आपल्या डोमेनची हमी कोणीच दिलेली नाही. अशा वेळी आपल्या एसपीएफमध्ये त्या कंपनीचे नाव घालून तसूभरही फरक पडत नाही, कारण ते पाकीट आपल्या डोमेनचे नाहीच. तरी बहुतेक जण नेमके तेच करतात. खरा उपाय त्या सेवेच्या सेटिंगमध्ये असतो : आपल्या डोमेनने डीकिम सही चालू करायची, आणि सोय असेल तर रिटर्न-पाथसाठी आपलेच एक सबडोमेन (आपल्या डोमेनच्या आधी एखादा शब्द जोडून केलेले नाव) द्यायचे. पहिल्याने काम भागते. दुसरे सोबत असले तर एक फसले तरी दुसरे तारून नेते.

आता एसपीएफ. पुढे रेकॉर्डमधले शब्द मी देवनागरीत लिहीत आहे. डीएनएसमध्ये ते रोमन लिपीतच टाकायचे. ‘व्ही=एसपीएफ१’ने सुरू होणारे टीएक्सटी रेकॉर्ड एका डोमेनला एकच हवे. दोन झाली की निकाल ‘पर्मएरर’ (कायमची चूक) येतो आणि दोन्ही निकामी होतात. नव्या सेवेच्या सूचनांमधले अख्खे रेकॉर्ड जसेच्या तसे चिकटवले की हे घडते. नवी ‘इन्क्लूड’ (दुसऱ्या कंपनीची यादी आपल्या यादीत धरणारा शब्द) आधीच्याच रेकॉर्डमध्ये, शेवटच्या ‘ऑल’च्या (बाकी सर्व सर्व्हरांसाठीच्या शब्दाच्या) अलीकडे घालायची, ‘ऑल’च्या पलीकडे लिहिलेल्या सर्व्हरांचा विचारच होत नाही.

याहून मोठी अडचण दहाच्या मर्यादेची. एसपीएफचा २०१४ चा मानक दस्तऐवज, आरएफसी ७२०८, सांगतो की एका तपासणीत डीएनएसकडे १० पेक्षा जास्त विचारणा होता कामा नयेत. ‘इन्क्लूड’, ‘ए’, ‘एमएक्स’, ‘पीटीआर’, ‘एक्झिस्ट्स’ आणि ‘रीडायरेक्ट’ मोजले जातात; ‘आयपी४’, ‘आयपी६’ (सर्व्हरचे जुन्या आणि नव्या पद्धतीचे अंकी पत्ते, म्हणजे आयपी) आणि ‘ऑल’ मोजले जात नाहीत. इन्क्लूडच्या पोटात असलेल्या इन्क्लूडही मोजतात, आणि हिशेब तिथे चुकतो. समजा रेकॉर्डमध्ये ‘ए’ आणि ‘एमएक्स’ आहेत : झाले २. मुख्य मेलसेवेची इन्क्लूड आणि तिच्या पोटातल्या ३ : झाले ६. न्यूजलेटरची १ आणि पोटातली १ : ८. बिलांच्या सॉफ्टवेअरची १ : ९. आता तक्रारी नोंदवणारी एखादी सेवा घेतली, तिची १ आणि पोटातली १ : ११. डोळ्यांना दिसतात अवघ्या चार इन्क्लूड, पण मर्यादा ओलांडलेली असते.

त्यानंतर सगळे मेल एकदम बंद पडत नाहीत, म्हणूनच ही चूक महिनोन्महिने कळत नाही. तपासणी डावीकडून उजवीकडे चालते आणि जुळणी सापडली की थांबते. मुख्य मेलसेवा रेकॉर्डच्या सुरुवातीला असते, त्यामुळे कर्मचाऱ्यांचे रोजचे मेल पास होत राहतात. अडतात ते शेवटी जोडलेल्या सेवेचे. कोणी तक्रार केली तर कार्यालयातून उत्तर मिळते, ‘आमच्याकडून तर मेल व्यवस्थित जातोय.’ शिवाय आपण हात न लावताही ९ चे ११ होऊ शकतात, कारण सेवा देणारी कंपनी स्वतःच्या रेकॉर्डमध्ये आणखी इन्क्लूड घालू शकते. एखादी सेवा कायमची बंद झाली आणि तिच्या डोमेनवर एसपीएफ रेकॉर्डच उरले नाही, तर तपासणी तिथवर पोचताच पर्मएरर येतो. लिहिण्यातली चूक मात्र कोणालाच सोडत नाही : कोलन राहिला, ‘आयपी४’च्या जागी नुसते ‘आयपी’ लिहिले, तर रेकॉर्ड पहिल्या शब्दापासूनच बाद.

मर्यादेत परत यायचे तर आधी काढायला शिकावे लागते. ‘ए’ म्हणजे वेबसाइटच्या आयपीला दिलेली परवानगी. वेबसाइट स्वतः मेल पाठवत नसेल तर ती नको, आणि वेबसाइट सीडीएनमागे (तिच्या प्रती ठिकठिकाणांहून पुरवणाऱ्या सेवेमागे) गेली असेल तर तो आयपी सीडीएनचा असतो, त्याला परवानगी देण्यात अर्थच नाही. ‘एमएक्स’ म्हणजे मेल घेणारे सर्व्हर. मोठ्या मेलसेवांमध्ये पाठवणारे सर्व्हर निराळे असतात, त्यामुळे इन्क्लूड असताना ‘एमएक्स’ बहुतेकदा फुकट जागा अडवते. ‘पीटीआर’ (आयपीवरून नाव शोधणारा शब्द) वापरू नये असे तो मानक दस्तऐवजच म्हणतो. ज्या सेवा आपले पाकीट वापरत नाहीत त्यांच्या इन्क्लूड सरळ काढून टाका. एवढ्याने न भागले तर सबडोमेन करा. न्यूजलेटर एका सबडोमेनवरून, बिले दुसऱ्यावरून. प्रत्येकाचे रेकॉर्ड वेगळे आणि दहाचा हिशेबही वेगळा. काही जण इन्क्लूड फोडून तिच्यातले आयपी हाताने लिहून काढतात. हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेवा देणारे आयपी बदलतात आणि त्याची खबर तुम्हाला मिळेलच असे नाही. ज्या दिवशी बदलतात त्या दिवसापासून तुमची यादी खोटी.

आयपीचाच विषय निघाला म्हणून : ‘आयपी४’ने लिहिलेला जुन्या होस्टिंगचा पत्ता ही एसपीएफमधली सर्वांत धोक्याची नोंद. सर्व्हर सोडला की तो आयपी होस्टिंग कंपनी पुढच्या ग्राहकाला देते, आणि त्या अनोळखी ग्राहकाला तुमच्या नावाने एसपीएफ पास होणारे मेल पाठवता येतात. सामायिक होस्टिंगवर हा धोका पहिल्या दिवसापासूनच असतो, कारण एकाच आयपीवर शेकडो संस्था नांदत असतात. उलट बाजूने, स्वतःचा मेल सर्व्हर कधी कधी आयपीव्ही६वरून मेल पाठवू लागतो आणि रेकॉर्डमध्ये ‘आयपी६’ नसते. मग काही मेल जातात, काही अडतात, आणि शोध भलतीकडेच चालतो. शेवटच्या ‘ऑल’पुढे अधिक चिन्ह असेल तर आजच काढा, त्याचा अर्थ जगातल्या कोणत्याही सर्व्हरला परवानगी. चिन्हच नसेल तरी अर्थ तोच. ‘ऑल’पुढे मायनस (यादीबाहेरचा मेल नाकारा) की टिल्ड (~, संशयास्पद माना), या वादात फार गुंतू नये. डीमार्क कडक असेल तर टिल्ड पुरते. मायनस ठेवले तर काही सर्व्हर डीकिमची सही न पाहताच मेल परत पाठवतात, आणि फॉरवर्ड झालेल्या खऱ्या मेलला त्याचा फटका बसतो.

डीकिमची गोष्ट वेगळी आहे. तिथे मोडतोड कमी होते, पण विसरलेली किल्ली तितकीच महागात पडते. डीएनएसमधल्या डीकिम किल्लीला मुदत नसते. एखाद्या मेलसेवेचा करार तीन वर्षांपूर्वी संपला असला तरी तिची सार्वजनिक किल्ली तुमच्या डीएनएसमध्ये असेपर्यंत, जिच्याकडे जोडीची खासगी किल्ली आहे तिला तुमच्या नावाने वैध सही करता येते. तिच्याकडून किल्ली चोरीला गेली तर चोरालाही येते, आणि डीमार्क कितीही कडक असले तरी तो मेल पास होतो. म्हणून करार संपवण्याच्या कामांच्या यादीत ‘सिलेक्टर काढणे’ हे काम हवेच. सिलेक्टर म्हणजे किल्लीचे नाव. एका डोमेनवर वेगवेगळ्या सेवांच्या अनेक किल्ल्या या नावांमुळेच सुखाने राहतात.

किल्लीची लांबीही बघा. २०१२ मध्ये झॅकरी हॅरिस या गणितज्ञाने गूगलची ५१२ बिटांची किल्ली फोडून दाखवली, तेव्हा लहान किल्ल्यांचा धोका सगळ्यांना कळला. २०१८ च्या आरएफसी ८३०१ने १,०२४ बिटांपेक्षा लहान किल्ली चालणार नाही आणि किमान २,०४८ बिटांची असावी असे म्हटले, शिवाय एसएचए-१ या जुन्या पद्धतीने केलेली सही बाद ठरवली. बऱ्याच वर्षांपूर्वी लावलेली किल्ली १,०२४ची असण्याची शक्यता दाट आहे. २,०४८ची किल्ली चिकटवताना दोन चुका हमखास होतात. टीएक्सटी रेकॉर्डमधला एक तुकडा २५५ अक्षरांपर्यंतच असतो आणि ही किल्ली त्याहून लांब असते; ती एकाच रेकॉर्डमध्ये अवतरणचिन्हांतल्या दोन तुकड्यांत द्यावी लागते. काही पॅनल (डीएनएसच्या नोंदी भरायची पाने) हे आपोआप करतात, काही मात्र शेपूट गुपचूप कापून टाकतात. दुसरी चूक नावाची. पॅनल डोमेनचे नाव शेवटी स्वतः जोडते आणि आपणही पूर्ण नाव लिहितो, मग रेकॉर्ड डोमेनच्या नावाची दोनदा पुनरावृत्ती असलेल्या पत्त्यावर जाऊन बसते. पॅनलमध्ये ते दिसते, बाहेरून कोणालाच सापडत नाही. म्हणून नोंद टाकल्यावर पॅनलच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका, ‘डिग’ किंवा ‘एनएसलुकअप’ या संगणकाच्या आज्ञांनी बाहेरून विचारून पाहा.

किल्ली बदलण्याचा क्रम असा. नव्या सिलेक्टरने नवी सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये टाका. नावात वर्ष-महिना असला तर पुढच्या माणसाला वय लगेच कळते. बाहेरून दिसू लागली की सर्व्हरची सही नव्या किल्लीवर न्या. स्वतःला एक मेल पाठवून हेडरमध्ये नवा सिलेक्टर आणि ‘पास’ दोन्ही पाहा. जुनी किल्ली आणखी आठवडाभर राहू द्या, कारण न पोचलेला मेल सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि त्यावर जुनीच सही असते. नंतर ती काढा. काढण्याऐवजी ‘पी=’ (रेकॉर्डमधली किल्लीची जागा) रिकामे ठेवले तर किल्ली रद्द झाल्याचे स्पष्ट कळते. दर सहा महिन्यांनी किल्ली बदलावी अशी एम३एएडब्ल्यूजी या मेलच्या गैरवापराविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेची शिफारस आहे. लहान संस्थेला हाताने ते जमणे कठीण. त्यांनी सीनेम पद्धत देणारी सेवा निवडावी, म्हणजे डीएनएसमधून फक्त त्या सेवेच्या नोंदीकडे बोट दाखवलेले असते आणि किल्ली सेवा देणारी कंपनी स्वतः बदलते.

डीएनएस एका कंपनीकडून दुसरीकडे नेताना डीकिम हरवते, हा नेहमीचा अनुभव. नवी कंपनी जुन्या नोंदी आपोआप शोधून आणते. वेबसाइट, एमएक्स, एसपीएफ सापडतात कारण त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. सिलेक्टरची नावे मात्र बाहेरून मोजून काढता येत नाहीत, त्यामुळे त्या किल्ल्या मागे राहतात. डीएनएस हलवण्याआधी जुन्या पॅनलमधून पूर्ण झोन फाइल (सर्व नोंदींची यादी) उतरवून घ्या आणि ओळीला ओळ लावून पाहा.

सीनेमचाही मागमूस ठेवावा लागतो. २०२४ च्या फेब्रुवारीत गार्डिओ लॅब्सच्या संशोधकांनी ‘सबडोमेलिंग’ नावाने एक प्रकार उघड केला. त्यात ८,००० हून जास्त खऱ्या डोमेनांचा आणि १३,००० सबडोमेनांचा वापर स्पॅमसाठी होत होता. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन या संकेतस्थळाचे एक जुने सबडोमेन सीनेमने एका स्पर्धेच्या डोमेनकडे बोट दाखवत होते. स्पर्धा कधीच संपली, डोमेनची मुदत गेली, पण सीनेम तसाच राहिला. ते बेवारस डोमेन २०२२ मध्ये स्पॅम पाठवणाऱ्या टोळीने विकत घेतले. सीनेमचा गुण असा की त्या नावाबद्दल काहीही विचारले तरी उत्तर समोरच्या डोमेनचे मिळते, एसपीएफसुद्धा. म्हणजे विकत घेणाऱ्याने आपल्या सर्व्हरांची यादी लिहिली आणि ती एमएसएनच्या नावावर चालली. एसपीएफमधल्या मुदत संपलेल्या इन्क्लूडचाही त्याच टोळीने असाच वापर केला. यात कोणताही सर्व्हर फोडावा लागला नाही. वर्षातून दोनदा तरी प्रत्येक सीनेम आणि प्रत्येक इन्क्लूड समोर ठेवून विचारावे : हे डोमेन आज कोणाच्या मालकीचे आहे? आपण त्यांचे अजून ग्राहक आहोत का?

डीमार्कबद्दल सर्वांत मोठी गैरसमजूत अशी की रेकॉर्ड टाकले म्हणजे संरक्षण झाले. ‘पी=नन’ (काही करू नका) कोणाचाही मेल अडवत नाही; ते फक्त अहवाल मागवते. सुरुवात त्यानेच करायची, पण अनेक डोमेन तिथेच वर्षानुवर्षे अडकून असतात, कारण ‘आरयूए’मध्ये (अहवाल कुठे पाठवायचे त्या जागी) दिलेला पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो. अहवाल परत जातात किंवा कोणी न वाचलेल्या मेलबॉक्समध्ये साचतात. पत्ता व्यक्तीचा नको, कामाचा हवा. तो दुसऱ्या डोमेनवरचा असेल, तर त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये ‘यांचे अहवाल स्वीकारतो’ अशी संमतीची नोंद लागते. ती नसली तर अहवाल येतच नाहीत. नाव ‘_डीमार्क’ने सुरू होणारे हवे, रेकॉर्ड एकच हवे, ‘व्ही’नंतर लगेच ‘पी’ यायला हवे, आणि पत्त्याआधी ‘मेलटू’ व कोलन हवे. या चारांत चुकले की समोरचा सर्व्हर काही कळवत बसत नाही.

अहवाल साधारण रोज येतात, एक्सएमएलमध्ये आणि आवळलेल्या फाइलच्या रूपात. वाचायला रुक्ष असतात, पण त्यांना पर्याय नाही. ते तक्त्यात मांडून देणारी साधने सहज मिळतात. प्रत्येक ओळीत पाठवणारा आयपी, मेलची संख्या आणि जुळणीचे निकाल असतात. आपल्या ओळखीचा आयपी आणि फेल : ही आपली बाकी राहिलेली दुरुस्ती. अनोळखी आयपी आणि फेल : हा बहुधा बनावट मेल, त्याच्यासाठीच तर हे सगळे. फेल झालेला ओळखीचा आयपी एकही उरला नाही, आणि महिनाअखेरची बिले व क्वचित जाणारी पत्रेही त्या काळात गेली, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनी, ‘क्वारंटाइन’ (मेल स्पॅममध्ये टाका) लावा. आणखी काही आठवडे पाहून ‘रिजेक्ट’ (मेल नाकारा). सबडोमेनांसाठी ‘एसपी’ वेगळे लिहिले असेल तर तेही सोबत कडक करा. मुख्य डोमेनवर रिजेक्ट आणि सबडोमेनांवर नन, असे अर्धवट काम कितीतरी ठिकाणी दिसते.

कर्मचारी मेलिंग लिस्टवर (एकाचा मेल सर्व सदस्यांना पुढे पाठवणाऱ्या यादीवर) लिहीत असतील तर रिजेक्टची घाई नको. लिस्ट विषयात आपले नाव जोडते, तळाला ओळ घालते, त्यामुळे डीकिमची सही मोडते. एसपीएफ तर मेल पुढे पाठवताच जुळेनासे होते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या ग्राहकांच्या डोमेनवर रिजेक्ट लावले, तेव्हा जगभरच्या लिस्टांवर याहूच्या सदस्यांचे मेल परत येऊ लागले. आता बऱ्याच लिस्ट ‘फ्रॉम’मध्ये स्वतःचा पत्ता घालतात, तुमची घालते का, ते आधी पाहा.

हे आता ऐच्छिकही राहिलेले नाही. गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले. जीमेलकडे दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि किमान ‘पी=नन’चे डीमार्क हवे, ‘फ्रॉम’चे डोमेन जुळायला हवे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. कमी मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकिम यांतले एक लागतेच. मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ पासून आउटलुकच्या ग्राहक मेलबॉक्ससाठी ५,००० ची तीच रेषा आखली. परत आलेल्या मेलमध्ये जीमेलचा ५.७.२६ किंवा आउटलुकचा ५.७.५१५ हा आकडा दिसला तर मजकुरात किंवा मेलबॉक्समध्ये दोष शोधू नका; दोष नोंदींत आहे.

बदल करताना वेळेचा क्रम पाळला नाही तर बरोबर नोंदही त्रास देते. सेवा जोडताना आधी नोंद, मग मेल. सेवा सोडताना आधी मेल बंद, आठवडाभर थांबा, मग नोंद काढा. प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो, म्हणजे जगभरचे सर्व्हर जुने उत्तर किती सेकंद जपून ठेवतील तो काळ. तो ८६,४०० असेल तर चूक दुरुस्त करूनही पूर्ण दिवस ती नांदते. बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० वर आणा, काम झाले की ३,६०० वर न्या. नोंद टाकण्याआधीच तिची विचारणा करू नये, हेही सांगण्यासारखे. ‘असे नाव नाही’ हे उत्तरसुद्धा काही काळ जपून ठेवले जाते आणि मग नवी नोंद उगाच दिसत नाही.

हे सांभाळायला महाग साधन लागत नाही. एक तक्ता पुरतो. सेवेचे नाव, तिच्यातून जाणारे मेल, रिटर्न-पाथचे डोमेन, सिलेक्टर, नोंद टाकल्याची तारीख, करार कधी संपतो, आणि जबाबदार पद. हा तक्ता संगणक विभागाइतकाच हिशेब विभागाकडेही असावा, असे मी आग्रहाने म्हणेन. सेवा बंद झाल्याचे सर्वांत आधी त्यांना कळते, कारण बिल थांबते. दर तीन महिन्यांनी तक्ता आणि डीएनएस शेजारी ठेवून पाहायचे. तक्त्यात नसलेली नोंद डीएनएसमध्ये दिसली तर तिचा धनी शोधायचा. धनी सापडला नाही तर डीमार्कच्या अहवालांत ती सेवा अजून मेल पाठवते का ते महिनाभर पाहून मग काढायची. डीएनएसचे लॉगिन वेबसाइट करून देणाऱ्याच्या खासगी ईमेलवर असेल, तर हे काही करता येणार नाही. ते आधी संस्थेच्या ताब्यात घ्या आणि त्यावर दुहेरी पडताळणी लावा.

या नोंदी काय करत नाहीत, तेही सांगायला हवे. एका अक्षराच्या फरकाने घेतलेले मिळतेजुळते डोमेन, किंवा नाव तुमचे आणि पत्ता भलताच, असे मेल त्या अडवू शकत नाहीत. त्या तुमचे स्वतःचे डोमेन राखतात, आणि मेल घेणाऱ्याने ‘पत्ता नीट पाहा’ हा सल्ला मानला तर त्या सल्ल्याला अर्थ देतात.

ज्या डोमेनवरून मेल जातच नाहीत त्यांनाही नोंदी हव्यात. नाव राखून ठेवायला घेतलेले दुसरे डोमेन, जुन्या उपक्रमाचे डोमेन, हे बनावट मेलसाठी फार सोयीचे असते. त्यावर एसपीएफमध्ये फक्त ‘व्ही=एसपीएफ१’ आणि मायनस-ऑल, डीमार्कमध्ये ‘पी=रिजेक्ट’, आणि एमएक्सच्या जागी प्राधान्य ० व नुसते टिंब, ज्याला आरएफसी ७५०५मध्ये नल एमएक्स म्हटले आहे. पाच मिनिटांचे काम. संस्थेचे नाव बदलले म्हणून जुने डोमेन सोडून द्यायचे असेल, तर घाई करू नका. त्या पत्त्यावर कोणकोणती खाती उघडली होती, कोणत्या सीनेम आणि इन्क्लूडमध्ये त्याचे नाव आहे, ते सगळे आधी बदला. तोवर त्याचे नूतनीकरण चालू ठेवा, कारण मुदत संपल्यावर ते जो विकत घेईल, त्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल आणि पासवर्ड बदलण्याची प्रत्येक लिंक त्याच्या हातात जाईल.

आपला नम्र,
मेल सर्व्हर आणि डीएनएस सांभाळणारा एक वाचक